औषध कुठून घ्यायचं ते पेशंट ठरवेल: राज्याच्या कायद्यात नेमकं काय मागायचं

गल्लीतलं मेडिकल टिकलं पाहिजे, असं म्हणणारे पुण्यात पुष्कळ भेटतील. आमदारांना द्यायच्या निवेदनावर सह्याही भराभर होतात. अडचण अशी की त्या निवेदनांत जे मागितलेलं असतं, त्यातलं बरंचसं राज्याच्या विधानमंडळाच्या हातात नसतं. मार्जिन वाढवा, ऑनलाइन विक्री बंद करा, सवलतींवर बंदी आणा. निवेदन स्वीकारलं जातं, फोटो निघतो आणि विषय केंद्राचा म्हणून कागद फायलीत जातो. खरोखर राज्याच्या हातात असलेली एक गोष्ट मात्र आहे. तिने दुकानदाराचं भलं होतं आणि पेशंटचं त्याहून जास्त. रुग्णालयात दाखल असलेल्या माणसाला औषध हव्या त्या दुकानातून आणता यावं, हा हक्क कायद्यात लिहिलेला हवा आणि तो मोडला तर दंड हवा.

आधी कुणाच्या हातात काय आहे ते पाहू. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० सालचा, त्याखालची नियमावली १९४५ची, आणि दोन्ही केंद्राची. दुकानाचे नमुना २० आणि २१चे परवाने, किमान १० चौरस मीटर जागा, फार्मासिस्टची हजेरी, कोणतं औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, हे सगळं तिथे ठरलेलं आहे. राज्याचं अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, हे नियम राबवतं. बदलू शकत नाही. किमतीचंही तेच. औषध किंमत नियंत्रण आदेश २०१३ प्रमाणे किंमतनियंत्रित औषधाची कमाल किंमत ठरवताना दुकानदाराचं मार्जिन धरतात त्याच्या खरेदीदराच्या १६ टक्के. दुकानदाराला १०० रुपयांना पडणारी वस्तू कर धरण्याआधी ११६ला जाते. शेजारच्या साखळी दुकानाकडे बघून त्याने १० टक्के सूट दिली, तर ११ रुपये ६० पैसे गेले आणि उरले ४ रुपये ४० पैसे. त्यातून भाडं, वीज, फ्रिज, फार्मासिस्टचा पगार आणि कंपनीने परत न घेतलेला एक्सपायरीचा माल. किंमतनियंत्रित गोळ्यांवर २०-२५ टक्के सूट या मार्जिनमधून निघूच शकत नाही. ती कुणीतरी दुसऱ्या खिशातून भरत असतो. हे दुखणं खरं आहे, पण त्याचा इलाज दिल्लीत आहे.

राज्यघटनेत 'औषधे व विषे' हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघंही कायदे करू शकतात, त्यामुळे राज्य स्वतःची दुरुस्ती करू शकतं. पण ती केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर अनुच्छेद २५४(२)प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. सत्तरच्या दशकात पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशने या कायद्यात अशा दुरुस्त्या केल्या. वाट आहे, पण लांबची. याउलट 'सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने' हा विषय सरळ राज्य सूचीत आहे. खासगी रुग्णालयांसाठी महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा आहे, १९४९चा शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नोंदणी कायदा. केंद्राचा २०१०चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपण स्वीकारलेला नाही. म्हणजे रुग्णालयाच्या आत औषध कसं मागवायचं, कसं घ्यायचं, याचे नियम करायला महाराष्ट्राला कुणाला विचारावं लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचाही रोख तोच होता. रुग्णालयं आपल्याच दुकानातून औषध घ्यायला लावतात, या तक्रारीवरची जनहित याचिका ४ मार्च २०२५ रोजी निकाली निघाली. न्यायालयाने देशभरासाठी आदेश काढला नाही, राज्यांनी आपापलं धोरण ठरवावं असं सांगितलं. त्याच वर्षी आपल्या एफडीएने रुग्णालयांना फलक लावायला सांगितलं की इथल्याच दुकानातून औषधं घेणं बंधनकारक नाही. फलक चांगलाच आहे. पण फलकाने सक्ती मोडत नाही, कारण सक्ती कुणी तोंडाने करतच नाही. ती पद्धतीत मुरलेली असते.

ती पद्धत अशी. डॉक्टर राउंडला येतात, औषध लिहितात, सिस्टर संगणकावर मागणी टाकतात. मागणी थेट खालच्या दुकानात जाते, माल ट्रेमधून वर येतो आणि बिलात चढतो. पेशंटच्या हातात चिठ्ठी येतच नाही, मग तो बाहेर नेणार काय? एखाद्याने हट्टाने प्रत मागितलीच, तर तिच्यावर ब्रँडचं नाव असतं, आणि तो ब्रँड बाहेर कुठेच मिळत नाही, कारण तो मोजक्या रुग्णालयांपुरताच पुरवला जातो. इथे केंद्राचा एक नियम आडवा येतो. नियम ६५(११अ) प्रमाणे चिठ्ठीवरच्या शेड्यूल एचमधल्या (म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायच्या) औषधाऐवजी दुकानदार दुसरं काही देऊ शकत नाही, घटक तोच असला तरी. बाहेरच्या फार्मासिस्टच्या शेल्फवर तेच घटक, तीच ताकद निम्म्या किमतीत पडलेली असली, तरी ती द्यायची त्याला मुभा नाही. एका बाजूला फक्त आतच मिळणारा ब्रँड, दुसऱ्या बाजूला ब्रँड बदलू न देणारा नियम. यांच्यामध्ये पेशंट अडकतो.

६५(११अ) राज्य एकट्याने हलवू शकत नाही. पण रुग्णालयाने पेशंटला द्यायच्या कागदावर जेनेरिक नाव, म्हणजे ब्रँडऐवजी मूळ घटकाचं नाव, लिहिलं, तर तो नियम आडवा येत नाही, कारण मग ब्रँड बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. हे लिहायला लावणं पूर्णपणे राज्याच्या हातात आहे. म्हणून मागणीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य निवडीच्या हक्काचं नाही, कागदाचं आहे. निवडीचा हक्क राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेतही आहे. कागद नसेल तर तो हक्क वापरता येत नाही.

कलम कसं असावं? पहिलं वाक्य सक्तीविरुद्धचं: कोणतंही शुश्रूषागृह औषध किंवा वैद्यकीय साहित्य ठरावीक दुकानातून घ्यायला लावणार नाही, प्रत्यक्षपणे किंवा अप्रत्यक्षपणे. दुसरं: तातडीची नसलेली प्रत्येक औषधमागणी नोंदवताच तिची प्रत रुग्णाला किंवा नातेवाइकाला मिळेल, तिच्यावर जेनेरिक नाव, ताकद, स्वरूप (गोळी, व्हायल, प्रीफिल्ड सिरिंज), नग आणि पहिला डोस केव्हा द्यायचा ती वेळ असेल. तिसरं: परवानाधारक दुकानातून बिलासह आणलेलं बंद वेष्टनातलं औषध बॅच आणि मुदत पाहून स्वीकारावं लागेल, नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागेल. चौथं: अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह आणि जिवावरच्या प्रसंगातली औषधं यातून वगळलेली असतील. पाचवं दंडाचं. त्यात रक्कम वाढत जाणारी हवी आणि वारंवार झालं तर नोंदणी नूतनीकरणावर परिणाम हवा.

चौथं वाक्य गाळू नका. रक्तदाब कोसळलेल्या माणसाच्या नातेवाइकाला नॉरअ‍ॅड्रेनलीन आणायला रस्ता ओलांडायला लावणारा कायदा कुणालाच नको, आणि हा अपवाद मसुद्यात नसेल तर सगळा मसुदा याच मुद्द्यावर अडवला जाईल. रुग्णालयांची दुसरी हरकतही गंभीरपणे घ्यायला हवी: बाहेरून आलेलं औषध नीट ठेवलेलं होतं की नाही, चुकीचं आलं तर जबाबदार कोण? याचं उत्तर बिलात आहे. नियम ६५प्रमाणे बिलावर किंवा नोंदीत पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध, उत्पादक, बॅच नंबर, एक्सपायरी आणि फार्मासिस्टची सही असते. आतलं दुकान असो की बाहेरचं, परवाना तोच, नियम तोच.

हे बिल नुसतं हिशोबापुरतं नसतं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने लहान मुलं दगावली. कोल्ड्रिफ सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं, ४८ टक्क्यांहून जास्त. महाराष्ट्र एफडीएने ती बॅच विकू नका, वापरू नका, असा इशारा काढला. अशा वेळी शेल्फवरची बाटली खाली उतरवणं सोपं असतं. अवघड असतं ते आधीच घरी गेलेली बाटली शोधणं. ज्या दुकानाने बॅच नंबरसकट नावावर बिल केलं, त्याला कुणाकुणाला फोन करायचा ते कळतं. ज्याने कच्च्या कागदावर बेरीज करून दिली, त्याला काहीच कळत नाही. म्हणून राज्याकडे आणखी एक छोटी मागणी करावी, आणि तिला कायदाही लागत नाही, शासन आदेश पुरेल: बाद बॅचचा इशारा एफडीएकडून प्रत्येक परवानाधारकाच्या नोंदणीकृत मोबाइलवर थेट जावा आणि 'माल आहे / नाही / बाजूला काढला' एवढं उत्तर त्याने ठरावीक वेळेत देणं बंधनकारक असावं. संघटनांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफवर हे काम सोडायला नको.

आता दुकानदारांच्या बाजूने बोलताना एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. या कायद्याला लोकांचा पाठिंबा हवा असेल, तर काउंटरच्या मागे फार्मासिस्ट हजर असलाच पाहिजे. भिंतीवर प्रमाणपत्र एकाचं आणि गोळ्या काढून देणारा दुसराच, हे पुण्यातही दिसतं. २०११ ते २०१४ या काळात महेश झगडे एफडीएचे आयुक्त असताना या हजेरीची कडक तपासणी झाली आणि औषध दुकानदारांनी तिला मोठा विरोध केला. माझ्या मते त्या वादात हजेरीचा मुद्दा बरोबर होता. शेजारच्या मेडिकलचं समर्थन आपण करतो ते तिथे जाणकार माणूस उभा असतो म्हणून. तो नसेल तर समर्थनाला काही अर्थ राहत नाही.

तो माणूस नेमकं काय करतो, याचं एकच उदाहरण जरा जवळून पाहू. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुपीत बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, पेनच्या कार्ट्रिजमध्ये १००. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४०ची, केशरी टोपणाची १००ची. डॉक्टरांनी २० युनिट लिहिले. घरात कार्ट्रिज आहे, पेन बिघडलं, म्हणून कुणीतरी लाल टोपणाच्या सिरिंजने २०च्या खुणेपर्यंत औषध ओढलं. ते झालं अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट. अडीचपट. रात्री साखर कोसळायला एवढं पुरतं. उलट कुपीतलं ४०चं औषध केशरी टोपणाच्या सिरिंजने २०च्या खुणेपर्यंत घेतलं, तर गेले फक्त ८ युनिट आणि साखर चढतीच राहिली. नुसती सिरिंज मागायला आलेल्याला 'कुपी आहे की कार्ट्रिज?' असं विचारणारा फार्मासिस्ट ही चूक तिथल्या तिथे थांबवतो. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट कुणी रोज घेऊ नये म्हणून पाकिटावर पेनने वार लिहून देतो तोही तोच. २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनी हा सल्ला देणं फार्मासिस्टचं काम ठरवलं आहे. मोबदला मात्र शून्य. शेड्यूल एच१मधल्या, म्हणजे जास्त कडक नियंत्रणाच्या, औषधांचं वेगळं रजिस्टर मार्च २०१४पासून ठेवायचं, तीन वर्षं जपायचं. मार्च २०१८च्या अधिसूचनेपासून क्षयाची औषधं नेणाऱ्यांची माहिती सरकारला कळवायची. यातलंही बरंचसं त्याच १६ टक्क्यांत. राज्याच्या क्षय, मधुमेह, रक्तदाब कार्यक्रमांत अशा कामाला प्रति रुग्ण ठरावीक मानधन देणं राज्याच्या अधिकारात आहे. त्यासाठी अर्थसंकल्पात एक ओळ लागते, केंद्राची परवानगी नाही.

अमेरिकेतलं उदाहरण इथे उपयोगी आहे. तिथे विमा कंपन्या आणि दुकानं यांच्यामधले मध्यस्थ दुकानाला खरेदीपेक्षाही कमी पैसे देत. आर्कान्सा राज्याने २०१५मध्ये कायदा करून किमान खरेदीइतके पैसे द्यायला लावले. मध्यस्थ न्यायालयात गेले, आणि डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा उचलून धरला. राज्य आपल्या कक्षेत राहिलं, हे तिथे कामी आलं. आपला मसुदाही रुग्णालयांच्या कायद्यात राहिला तर टिकेल. औषधविक्रीच्या नियमांत हात घालायला गेला तर पहिल्याच तारखेला लटकेल.

आणखी एक सावधगिरी. काही ठिकाणी या निमित्ताने 'संघटनेच्या ना-हरकतीशिवाय नवा स्टॉकिस्ट (घाऊक वितरक) नको', 'दोन दुकानांत किमान अंतर हवं' अशा मागण्या घुसवल्या जातात. ना-हरकतीच्या प्रथेबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने औषध विक्रेत्यांच्या संघटनांना दंड केलेला आहे. पेशंटच्या नावाने आणलेल्या कायद्यात असं कलम दिसलं, तर सही करू नये.

कायदा होईपर्यंत काय करायचं? पेशंट दाखल करतानाच वॉर्डच्या सिस्टरना किंवा बिलिंगला लेखी द्या: 'तातडीची नसलेली औषधं आम्ही बाहेरून आणू, मागणीची प्रत द्यावी.' एका ओळीचं पत्र, त्यावर तारीख, आणि पोच. प्रत मिळाली की ताकद आणि स्वरूप नीट वाचा. घोळ इथेच होतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या एनॉक्झापॅरिनची ०.४ मिलिलिटरची सिरिंज ४० मिलिग्रॅमची, ०.६ची ६० मिलिग्रॅमची; मिलिलिटर आणि मिलिग्रॅमची गल्लत झाली की वॉर्डमध्ये औषध नाकारलं जातं, आणि ते बरोबरच असतं. पाच दिवसांचं एकदम आणू नका, एक-दोन दिवसांचं आणा. अँटिबायोटिक तिसऱ्या दिवशी बदलतं आणि उरलेल्या व्हायल घरी येतात. दुकानदार परत घेतो तो अख्खा, न कापलेला, बिलावरच्याच बॅचचा माल. फ्रिजमधली वस्तू एकदा बाहेर गेली की परत घेत नाही, आणि घेऊही नये. २ ते ८ अंशांत ठेवायचं औषध बर्फाच्या पिशवीत आणा, पण बर्फाला थेट टेकवू नका. गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. जवळच्या मेडिकलमध्ये माल नसला तर फोटो पाठवून विचारा. सदाशिव पेठेतल्या घाऊक बाजारातून तो बहुतेक वेळा त्याच दिवशी मागवता येतो. वॉर्डमध्ये औषध देताना बिलाची झेरॉक्स द्या, मूळ बिल जवळ ठेवा, विम्यासाठी तेच लागतं.

नाकारलं तर कारण लेखी मागा. मग तक्रार दोन ठिकाणी जाते आणि ही दोन ठिकाणं वेगळी आहेत. दुकानाबद्दल काही असेल (बिल दिलं नाही, छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं, फार्मासिस्ट नाही) तर एफडीए, टोल फ्री १८००२२२३६५. रुग्णालयाच्या वागण्याबद्दल असेल तर पुणे शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग, कारण शुश्रूषागृहांची नोंदणी तिथे होते. २०२१च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद लावणं आणि तक्रार निवारण कक्ष ठेवणं घालून दिलं आहे. सक्तीची तक्रार एफडीएकडे आणि जास्त किमतीची महापालिकेकडे गेली, तर दोन्ही नुसत्या पुढे पाठवल्या जातात.

निवेदनालाही हेच लागू. शुश्रूषागृह कायद्यातली दुरुस्ती सार्वजनिक आरोग्य विभागाकडे मागायची, बाद बॅचच्या इशाऱ्याची यंत्रणा एफडीएच्या मंत्र्यांकडे. एकाच कागदावर दोन्ही लिहू नका. पुणे शहरात विधानसभेचे आठ मतदारसंघ आहेत: कसबा पेठ, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, खडकवासला, हडपसर, पुणे कँटोन्मेंट, वडगाव शेरी. आपल्या मतदारसंघाच्या आमदारांकडे एक पानाचं निवेदन न्या. त्यात १९४९च्या कायद्याचं नाव, वरची पाच वाक्यं आणि पुरावा म्हणून एकाच औषधाची दोन बिलं, एक आतलं, एक बाहेरचं, जेनेरिक नाव आणि ताकद अधोरेखित करून. पेशंटचं नाव झाकायला विसरू नका. आमदारांकडून काय हवं तेही लिहा: आधी तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी, सरकार हललं नाही तर अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेलं. अशासकीय विधेयकं क्वचितच मंजूर होतात, पण चर्चेला आली तर त्यांच्यावर मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर कामकाजात नोंदलं जातं.

कायदा बदलायला वेळ लागणार असेल, तर दुसरं आणि तिसरं वाक्य नियमांत घालायला सांगा, कारण नियम अधिसूचनेने होतात. मसुदा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध झाला, तर 'आमचा पाठिंबा आहे' एवढंच लिहून पाठवू नका. कोणत्या नियमात कोणता शब्द हवा ते लिहा, उदाहरणार्थ 'औषधाचे नाव' याऐवजी 'औषधाचे जेनेरिक नाव, ताकद व स्वरूप'. हा एक शब्द सुटला, तर प्रत मिळेल, पण तिच्यावर पुन्हा आतच मिळणारा ब्रँड असेल.